विमानातले सात जण आणि हेव्याचा हंडा

आमच्या दवाखान्यात औषधाची रिकामी बाटली कधी फेकली जात नसे. "धुऊन ठेवा, लागेल," असं म्हणता म्हणता माळा भरून गेला, आणि एखादी हवी असली की नेमकी तीच सापडायची नाही. वाशीमच्या मिशन दवाखान्यात सुया उकळण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. तिथल्या किश्शांचंही तसंच झालंय. आठवायला बसलं की एक हाती लागत नाही, आणि भाजी निवडताना धडाधड दहा अंगावर पडतात!

म्हणून म्हटलं, आता लिहूनच ठेवावेत. हात थरथरतो, पण दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं मला जमत नाही. मला कोणी शाळेत घातलं नव्हतं. अक्षर माझं मी शिकले. चुका दिसल्या तर त्याही माझ्याच.

आज फक्त विमानाचे किस्से. आणि आधीच सांगते, या सगळ्या किश्शांत मी जळते आहे. मध्येच कोणी "बाई किती जळकुकडी!" असं म्हणायची तसदी घेऊ नये. मीच म्हणून टाकलं.

* * *

दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. टीव्ही नावाची वस्तू मुंबईत आली आहे असं ऐकत होतो, पण वाशीमात ती कोणी पाहिली नव्हती. आमचे फादर युरोपातले, चाळिशीच्या पुढचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे बोलले की शुद्धलेखन ऐकल्यासारखं वाटायचं. त्यांचा एक मावसभाऊ लढाईनंतर इंग्लंडात जाऊन टीव्हीच्या कामाला लागला होता. त्यानं एक लाकडी पेटी पाठवली. पेटीत पत्र्याचे गोल डबे, डब्यांत रिळं, आणि रिळांत तिकडच्या टीव्हीवरची एक आख्खी मालिका! महायुद्धातलं बॉम्ब टाकणारं एक विमान, त्यात सात जण, आणि दर भागात एक कामगिरी.

मिशनकडे प्रोजेक्टर होता. ठरलं असं, की दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साची प्रार्थना झाली की शाळेच्या हॉलमध्ये एक रीळ दाखवायचं. बोलणं सगळं इंग्रजी, म्हणून पडद्याशेजारी एक उंच स्टूल ठेवायचं आणि त्यावर बसून एकानं मराठीत सांगायचं.

ते स्टूल मला हवं होतं.

हसू नका. इंग्रजी मला येत होतं. बाटल्यांवरून शिकले होते. 'शेक वेल', 'पॉयझन', 'टू बी टेकन आफ्टर मील्स'. दवाखान्यातल्या एकाही बाटलीनं मला कधी अडवलं नाही.

दुसरी उमेदवार स्टेलाबाई, आमच्या शाळेची मास्तरीण. नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, इस्त्रीची साडी, चालली तर धूळसुद्धा बाजूला व्हायची. फादरांनी परीक्षा घेतली. मिनिटभर रीळ चालवलं, थांबवलं, आणि विचारलं, "कॅप्टन काय म्हणाला?"

स्टेलाबाई म्हणाल्या, "तो म्हणतो, डावीकडच्या इंजिनाने पेट घेतला आहे, परंतु कोणीही विचलित होऊ नये."

मग फादर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "हे तर त्याच्या तोंडावरच दिसून राह्यलं, फादर! याले इंग्रजी कायले लागते?"

सगळा हॉल हसला. सगळ्यात जास्त फादर हसले.

स्टूल स्टेलाबाईंना दिलं!

* * *

आता फादरांची एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दर शनिवारी आम्ही पापाची कबुली द्यायला जायचो. जाळीच्या अलीकडे आपण गुडघ्यावर, पलीकडे फादर. दुसरीकडचे फादर प्रायश्चित्त म्हणून 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायला सांगतात. आमचे म्हणायचे, "जीभच पाप करते आणि जीभच सुटका करून घेते, हे काही बरे नव्हे. हातपाय हलवा." खोटं बोललं तर देवळाची झाडलोट. शिवी दिली तर घंटेचं पितळ घासायचं. दारू प्यायली तर दफनभूमीतलं गवत उपटायचं. आणि कोणाचा हेवा केला, तर ज्याचा केला त्याच्या दारी डोक्यावरून एक हंडा पाणी नेऊन द्यायचं. मुकाट्यानं.

म्हणजे कबुली गुप्त आणि प्रायश्चित्त अख्ख्या कंपाउंडला उघडं! लूकस कंपाउंडर रविवारी सकाळी दफनभूमीत वाकलेला दिसला की लोक कुंपणावरूनच विचारत, "काय लूकसभाऊ, रात्री जास्त झाली का?" आमच्यासारखी स्वच्छ दफनभूमी अकोल्यापर्यंत कुठं नव्हती. सगळी लूकसची कृपा.

माझी खोली विहिरीला लागूनच. दारातून हात लांब केला तर रहाटाला लागावा. त्यामुळे पाण्याची मला कधी ददात नव्हती. स्टेलाबाईंचं घर कंपाउंडच्या पार दुसऱ्या टोकाला, शाळेमागे. त्यांच्याकडे पाणी भरायला एक बाई होती. त्यांनी स्वतः कधी हंडा उचललेला मी पाहिला नव्हता.

स्टूल गेलं त्या आठवड्यात मी पहिला हंडा नेला. स्टेलाबाईंनी दार उघडलं, हंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोड हसून म्हणाल्या, "ठेवा हं तिथे, रजीनाबाई. सांडू नका."

पुढच्या शनिवारी आणखी एक. त्या "सांडू नका"चा!

* * *

तिसऱ्या रिळात विमान उडायच्या आधी लष्कराचे फादर येतात. सातही जण गुडघे टेकतात. फादर हात वर करून सगळ्यांना एकदम पापमुक्ती देतात. कारण वेळ कमी आणि परत कोण येईल याचा नेम नाही.

पडद्यावर हात वर झाला आणि आमचा आख्खा हॉल धाडकन गुडघ्यावर! स्टेलाबाईंनी स्टुलावरून त्या प्रार्थनेचं मराठी असं काही घोळून म्हटलं, की सगळ्यांनी खणखणीत "आमेन" दिलं. एका बाईनं तर लेकराचं डोकं स्टेलाबाईंच्या पायाशी लावलं. मी मागच्या बाकाशी गुडघ्यावर होते आणि दात खात होते.

पुढच्या शनिवारी फादर जाळीमागे बसून राहिले. माझ्याशिवाय कोणी आलंच नाही!

शेवटी बाहेर येऊन त्यांनी लूकसला गाठलं. "लूकस, कबुलीला का आला नाहीत?"

"लागत नाई ना, फादर. त्या रविवारी सगळ्याइले एकदम माफी भेटली. मी गुडघ्यावर होतो, बोट दाखवून साक्षीदार देतो!"

"अहो, तो फादर नव्हता! तो नट होता. सोंग घेतलेला मनुष्य."

 लूकस म्हणाला, "असंल. पण त्याच्या माफीत गवत उपटाले लागत नाई, फादर."

* * *

स्टेलाबाईंचं मराठी सुंदर होतं, हे मी आज कबूल करते. तेव्हा केलं नसतं. पण 'विचलित', 'शत्रुप्रदेश', 'प्राणार्पण' हे दवाखान्यात गोळ्या घ्यायला येणाऱ्या किन्हीराजा गावच्या माणसाला काय कळणार? रीळ संपलं की निम्मे लोक माझ्या सुयांच्या पातेल्याभोवती जमायचे.

"रजीनाबाई, मंग त्या पोट्ट्याचं झालं काय म्हंता?"

मी चिमटा हातात घेऊन सांगायची. "झालं काय, इंजिन पेटलं. कॅप्टन म्हणे, कोणी बोंबलू नका, मी हाय ना. पन त्याची सोताचीच फाटली होती, मानेवरचा घाम पाह्यला नाई का तुमी?"

चिमटा म्हणजे विमान, पातेलं म्हणजे शत्रूचं गाव. सुया उकळून उकळून मोडायच्या बेतात यायच्या, पण लोक हलायचे नाहीत.

एकदा स्टेलाबाई दारावरून जाताना थांबल्या. थोडा वेळ ऐकलं आणि पदर सावरत तरातरा निघून गेल्या. मला वाटलं, माझं गावंढळ बोलणं कानाला टोचलं असेल. मला इतका राग आला, की मी त्या दिवशी गोष्टीत दोन विमानं जास्तीची पाडली!

* * *

खिडक्या झाकायला काळं कापड लागायचं. ते बाजारातले कांतीशेठ द्यायचे. जैन माणूस, दिवेलागणीच्या आत जेवणारा, मुंगीला वळसा घालून जाणारा. कापड दिलं म्हणून एकदा आम्ही त्यांना रीळ पाहायला बोलावलं. पहिल्या रांगेत, खुर्ची देऊन.

त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. विमानातल्या नकाशेवाल्यानं जपमाळ काढून ओठांना लावली, क्रूसाची खूण केली, आणि मग खालचं दार उघडून बॉम्ब सुटले. नेहमीप्रमाणे बॉम्ब सुटायच्या वेळी फादर बाहेर गेले होते. दर वेळी जायचे, प्रोजेक्टर लूकसच्या हाती देऊन. आम्हाला वाटायचं, चहाची तल्लफ.

दिवे लागल्यावर कांतीशेठ उभे राहिले. "बाई, एक विचारू का? हे लोक देवाचं नाव बॉम्ब टाकायच्या आधी घेतात का नंतर?"

"आधी," स्टेलाबाई म्हणाल्या.

"मंग खालचे लोक कवा घेतात?"

 दारात फादर येऊन उभे होते. ते म्हणाले, "त्याच वेळी घेतात, शेठ. मी खाली होतो."

 फादर पुढं एवढंच बोलले, "नदीकाठी आमचे गाव होते. दोन मनोऱ्यांचे देऊळ होते. आई होती, धाकटा भाऊ होता."

कांतीशेठांनी हात जोडले. "मंग हे कायले दाखवता, महाराज?"

"खालून मी फक्त आवाज ऐकला होता. वर कोण बसले होते, ते मला पाहायचे होते." मग म्हणाले, "पोरेच होती."

आता खरं सांगते. एवढं ऐकल्यावर माझ्यासारख्या भाविक बाईनं रडायला हवं होतं. पण मनात पहिलं काय आलं असेल? शेठनं हा प्रश्न स्टेलाबाईला का विचारला, मला का नाही! रडू नंतर आलं, घरी. हंडा त्याच्याही नंतर.

* * *

सातांपैकी एकेक जण आम्ही वाटून घेतला होता. शेपटाकडे बसून बंदूक चालवणारा, खिशात दारूची चपटी बाटली ठेवणारा, तो लूकसचा. "माया माणूस" असंच म्हणायचा. माझा तो नकाशेवाला. सडपातळ, जपमाळवाला, आईला पत्रं लिहिणारा. शाळा अर्धवट सुटलेला होता, पण नकाशा असा वाचायचा की कॅप्टन त्याला विचारल्याशिवाय वळायचा नाही. का आवडणार नाही मला?

प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असायची, त्या भागात काय घडतं त्याची. ती फक्त स्टेलाबाई वाचायच्या. एका शनिवारी मी हंडा उतरवत होते, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "रजीनाबाई, मन घट्ट करा. उद्या तुमचा नकाशेवाला जाणार."

मी तिथून तडक फादरांकडे गेले आणि उद्याची मिस्सा मागितली. फादरांनी विचारलं, "कोणाच्या आत्म्यासाठी?"

"आत्म्यासाठी नाई, जीवासाठी. जित्ता हाय अजून. एका परदेशी माणसासाठी म्हना."

फादरांनी वेदीवरून तसंच जाहीर केलं. आख्ख्या देवळानं माझ्या परदेशी माणसासाठी प्रार्थना केली. आणि तासाभरानं हॉलमध्ये काय झालं? गोळ्यांचा पाऊस पडला, काच फुटली, माझा नकाशेवाला नेमका पेन्सिल उचलायला खाली वाकला आणि वाचला! शेपटातला बंदूकवाला मेला.

लूकस आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मलमाच्या डब्या ढकलून द्यायचा. शेवटी मीच विचारलं, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "एकट्याचंच नाव काहून घेतलं, रजीनाबाई? मिस्सा लावाचीच होती तर सातही जणाइची लावाची होती!"



चिठ्ठीत फक्त "सातांपैकी एक" एवढंच होतं, हे मला मागाहून कळलं. नाव स्टेलाबाईंनी पदरचं घातलं होतं. मला रडताना पाहायला! का बरं, त्यांना कशाची कमी होती? स्टूल त्यांच्याकडे, चिठ्ठी त्यांच्याकडे, इस्त्री त्यांच्याकडे. ते कळलं त्या शनिवारी मी दोन हंडे नेले. एक नेहमीचा, एक आगाऊ.

* * *

आणि आता शेवटचं रीळ.

त्या रविवारी किन्हीराजापासून माणसं आली होती, खिडक्यांतसुद्धा लोक. स्टेलाबाई नवी साडी नेसून स्टुलावर. फादरांनी प्रोजेक्टर सुरू केला. चित्र आलं, पण आवाज नाही! लूकसनं आवाजाचा डबा उघडला, फुंकर मारली, थापटलं. आवाज गेला तो गेलाच. वर रीळ गुंडाळणारा पट्टाही तुटला, तेव्हा फादरांना चाक हातानं फिरवत उभं राहावं लागलं.

लोक ओरडले, "सांगा ना, बाई!"

स्टेलाबाई पडद्याकडे पाहत होत्या. "आवाजच नाही तर मी काय सांगू? ते काय बोलत आहेत ते ऐकू यायला नको का?"

मी मागच्या बाकावरून उठले. कशी उठले ते मला ठाऊक नाही, पण थेट पडद्यापाशी गेले. स्टूल मागितलं नाही. उभ्यानंच सुरू केलं.

"पाहा, हा कॅप्टन. रात्रभर झोपला नाई, डोये पाहा. हा म्हनते, आजची शेवटची खेप, मंग आपापल्या घरी. आन् हा माया नकाशेवाला. बोट कुठं थांबलं पाह्यलं का? काहीतरी खटकलं त्याले."

 मी सांगत होते आणि लोक माझ्या तोंडाकडे बघू की पडद्याकडे, अशा घोळात पडले होते. आयुष्यात मला इतकं उंच कधी वाटलं नाही, स्टुलाशिवाय!

मग पडद्यावर ढग फाटले. खाली नदी दिसली. नदीकाठी गाव. गावात देऊळ, दोन मनोऱ्यांचं.

मी मागं पाहिलं. चाक सोडून फादरांना बाहेर जाता येत नव्हतं. ते फिरवत होते. 

विमानाचं दार उघडलं. बॉम्ब सुटले.

मी म्हटलं, "नकाशेवाला वरडला! म्हने, कॅप्टन, थांबा! हे ते गाव नोय! इथं लेकरं हायत, मायबाया हायत! कॅप्टननं हँडल वळवलं. पाहा, पाहा, सगळे नदीत पडले! एकूण एक नदीत!"

पडद्यावर पांढरे लोट उठले. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "बाई, धूर दिसते न तो?"

"धूर कायचा? पानी हाय ते! एवढं वजन पडल्यावर पानी उडन नाई तर काय?"

काळ्यापांढऱ्या चित्रात धूर काय आणि पाणी काय! लोकांनी टाळ्या पिटल्या. लूकस उभा राहून नाचला. हॉलमध्ये एकच माणूस असा होता की ज्यानं सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या आणि मला खोटं पाडू शकला असता. स्टेलाबाई स्टुलावर बसून होत्या, चिठ्ठी मुठीत. त्यांनी मूठ उघडली नाही.

दिवे लागले. लोकांनी मला गराडा घातला, तो पार फाटकापर्यंत. स्टूल रिकामं कधी झालं ते कोणी पाहिलंही नाही. फादर सगळ्यांच्या शेवटी आले. म्हणाले, "रजीनाबाई, एवढे इंग्रजी कोठे शिकलात?"

"बाटल्यांवरून, फादर."

त्यांनी मान हलवली आणि खिशातला रुमाल शोधत देवळाकडे गेले.

पुढच्या शनिवारी मी जाळीपाशी गुडघे टेकले. सुरुवातीलाच सांगितलं, "भर हॉलात खोटं बोलली, फादर."

 पलीकडून फादर म्हणाले, "आणखी?"

"आनखी काही नाई."

"हेवा?"

"या आठवड्यात नाई."

"जा," फादर म्हणाले. झाडलोट सांगितली नाही, काही नाही. मी बाहेर आले तर रांगेत पुढची स्टेलाबाई. मान खाली.

ऊन उतरताना मी खोलीत ज्वारी पाखडत बसले होते. रहाट कुरकुरला, पण मी लक्ष दिलं नाही, विहिरीवर कोणी ना कोणी असतंच. मग उंबऱ्यावर सावली पडली. पाहते तर स्टेलाबाई! डोक्यावर भरलेला हंडा, दोन्ही हातांनी गच्च धरलेला. केसांतून पाणी ओघळत होतं, इस्त्रीची साडी खांद्यापासून निऱ्यांपर्यंत भिजून अंगाला चिकटली होती. श्वास लागला होता.

"कुठे ठेवू, रजीनाबाई?"

मी सूप बाजूला ठेवलं. "चुलीपाशी ठेवा."

त्यांनी ठेवला. थोडं सांडलं. त्या वळून निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, "स्टेलाबाई, पुढच्या शनिवारी येताना डोक्यावर चुंबळ घ्या. नाहीतर मान धरते."